गावातल्या जुन्या शिळा आणि पहिल्या वस्त्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुणे, अहिल्यानगर, सातारा या पट्ट्यातल्या गावांमधून आणि कोकणातूनही लोक देवळामागच्या, वेशीजवळच्या, बांधावरच्या दगडांचे फोटो पाठवून प्रश्न विचारतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. फोटो पाठवण्याआधी ही पानं वाचावीत. बऱ्याच शंका इथेच सुटतील, आणि दगड हलवण्याआधी हाताला थोडा आवर बसेल.

मारुतीच्या देवळाबाहेर कोरीव दगड उभे आहेत. तीन-चार कप्पे, त्यात माणसं, घोडे, वर चंद्र-सूर्य. हे काय आहे?

हा वीरगळ. लढताना मेलेल्या माणसाची आठवण म्हणून उभी केलेली शिळा. ती खालून वर वाचायची.

सगळ्यात खालच्या कप्प्यात लढाई असते. वीराच्या हातात ढाल-तलवार किंवा धनुष्य, समोर शत्रू. पुष्कळदा वीर आडवा पडलेलाही दिसतो. त्याच्या वरच्या कप्प्यात अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून वर नेत असतात. त्याहून वर तो हात जोडून शिवलिंगासमोर बसलेला असतो, शेजारी पूजा करणारा पुजारी. माथ्यावर चंद्र, सूर्य आणि कलश. चंद्र-सूर्य असेपर्यंत याची कीर्ती राहो, असा त्याचा अर्थ.

महाराष्ट्रात सापडणारे वीरगळ मुख्यतः शिलाहार आणि यादव काळातले, पण ही पद्धत त्यानंतरही कित्येक शतकं चालू राहिली. शिळेवर तारीख नसेल तर शस्त्रं, कपडे, केशरचना आणि कोरण्याची धाटणी पाहून काळाचा अंदाज बांधतात. तो अंदाजच असतो. फोटो पाहून कोणी नेमकं साल सांगितलं, तर त्याला ते कशावरून सांगितलं हे जरूर विचारा.

आमच्या वीरगळावर गाई कोरल्या आहेत. गाईंचा लढाईशी काय संबंध?

फार जवळचा. त्या काळी गावाची संपत्ती म्हणजे जनावरं. शेजारच्या मुलखातून टोळी यायची आणि गुरं हाकून न्यायची. त्यांना अडवताना गावातला एखादा माणूस पडायचा. तळाच्या कप्प्यात गुरांची रांग असेल, तर ती शिळा बहुधा अशा माणसाची. तो राजाच्या फौजेतला असेलच असं नाही. गुराखी असेल, गावचा राखणदार असेल.

मला या शिळा सगळ्यांत मोलाच्या वाटतात. ताम्रपटांत, म्हणजे तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेल्या दानपत्रांत, राजे आणि दान घेणारे भेटतात, पण गावची गुरं वाचवताना मेलेला माणूस फक्त इथेच भेटतो. वाघाशी, बिबट्याशी किंवा रानडुकराशी झुंजताना मेलेल्यांचेही वीरगळ आहेत. समुद्रकाठचं चित्र वेगळं. मुंबईत बोरिवलीजवळ एक्सर इथल्या वीरगळांवर वल्ह्यांची गलबतं आणि समुद्रावरची लढाई कोरली आहे. साताऱ्याच्या वाई तालुक्यात किकली गावी भैरवनाथाच्या देवळाच्या आवारात वीरगळांची मोठी मांदियाळी आहे. वीरगळ वाचायला शिकायचं असेल तर तिथे जाऊन एक दिवस काढावा. एकाच जागी इतके नमुने समोर आले की कप्पे आपोआप समजू लागतात.

हा आमच्या घराण्याच्या मूळ पुरुषाचा वीरगळ आहे असं घरात सांगतात. ते सिद्ध कसं करायचं?

बहुतेक वेळा सिद्ध करता येत नाही. कर्नाटकातल्या वीरगळांवर सर्रास लेख असतो: कोण, कोणाच्या राज्यात, कशासाठी मेला. आपल्याकडे लेख असलेले वीरगळ कमी. चित्र आहे, नाव नाही.

घरातली आठवण म्हणून खोटी ठरत नाही. ती कोणी सांगितली, शिळेला वर्षातून कधी नैवेद्य दाखवतात, तो मान कोणत्या घराचा, हे सगळं लिहून ठेवा. पिढ्यान्‌पिढ्या एकच घर त्या दगडाला नैवेद्य दाखवत असेल, तर ती नोंद इतिहासाच्या उपयोगाची आहे. पण बिननावाच्या शिळेवर आजच्या आडनावाची पाटी रंगवू नका. एका घराने पाटी लावली की दुसरं घर हक्क सांगायला येतं, मग शिळेवरून भावकीत आणि जातीजातींत वाद पेटतात. आठ-नऊशे वर्षांपूर्वी आजची आडनावं आजच्या रूपात नव्हती, हेही ध्यानात ठेवा.

कोपरात दुमडलेला हात आणि त्यात बांगड्या, एवढंच कोरलेला दगड आहे.

ती सतीशिळा. कोपरात दुमडलेला, तळवा उघडा असलेला, चुडा भरलेला उजवा हात ही तिची खूण. कधी तो हात वीरगळाच्याच एखाद्या कप्प्यात दिसतो, कधी स्वतंत्र शिळा असते.

यावर पुढचा प्रश्न हमखास येतो: मग असा दगड जपायचा तरी का? माझं मत स्पष्ट आहे. दगड जपायचा, त्याचा उत्सव करायचा नाही. कंपनी सरकारने १८२९ साली बंगाल इलाख्यात सती जाण्यावर बंदी घातली, पुढे ती इतर इलाख्यांतही आली. १९८७ च्या कायद्याने सतीच्या उदात्तीकरणालाही गुन्हा ठरवलं आहे. त्यामुळे अशा शिळेपुढे नवी जत्रा, नवं देऊळ, देणग्या, यातलं काही करू नये. पण ती बाई होती, तिच्यावर हे गुदरलं, आणि तिचं नावसुद्धा कोणी कोरलं नाही. याचा तेवढा एकच पुरावा तो हात आहे. तो फोडून टाकला तर ती दुसऱ्यांदा पुसली जाईल.

गाढव आणि बाई असं अश्लील चित्र असलेली शिळा निघाली आहे. गावकरी ती पुरून टाका म्हणतात. काय करावं?

पुरू नका. तो गधेगाळ आहे, आणि वीरगळाहून तो कितीतरी दुर्मिळ.

राजाने किंवा अधिकाऱ्याने देवळाला, ब्राह्मणाला किंवा गावाला जमीन दिली, करमाफी दिली, की ती शिळेवर लिहून जागेवर उभी करत. वर चंद्र-सूर्य, मध्ये लेख, आणि खाली हे चित्र. हे दान जो मोडेल त्याच्या आईची अशी विटंबना होईल, अशी ती शापवाणी. लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही चित्रावरून धाक बसावा, ही योजना. अपमान करायचा तो पुरुषाचा आणि त्यासाठी शरीर वापरायचं त्याच्या आईचं, ही त्या काळाची रीत त्या दगडात उघडी पडते. ती लपवण्याने बदलत नाही.

गधेगाळ कोकणात शिलाहारांच्या मुलखात जास्त आढळतात, घाटावरही आहेत. अलिबागजवळच्या आक्षी गावचा प्रसिद्ध मराठी शिलालेख गधेगाळावरच आहे. जुन्या मराठी लेखांचे अभ्यासक शं. गो. तुळपुळे यांनी त्याचा काळ शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२, असा वाचला. त्यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, पण मराठीच्या जुन्या लेखांची यादी त्याच्याशिवाय पुरी होत नाही. असा दगड कुठल्यातरी गावाने लाजेपोटी पुरला असता तर?

दानाच्या शिळांचा एक सौम्य प्रकारही आहे. त्यावर वासराला पाजणारी गाय असते. त्याला धेनुगळ म्हणतात.

गावाबाहेर पांढऱ्या मातीचं टेकाड आहे. त्यात खापरं सापडतात. ते काय असेल?

जुनी वस्ती. गावकरी तिला पांढर किंवा पांढरी म्हणतात, शेतीची ती काळी आणि राहण्याची ती पांढरी. शेकडो वर्षं माणसं एका जागी राहिली की चुलीची राख, शेण, हाडं, कोसळलेल्या मातीच्या भिंती, सगळं एकावर एक साचत जातं. माती फिकट, राखाडी होते आणि जागा आजूबाजूच्या रानापेक्षा उंच होते. नदीकाठी असं टेकाड दिसलं आणि पावसानंतर त्याच्या उतारावर खापरं उघडी पडली, की तिथे लोक राहत होते एवढं नक्की समजा.

शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तिथल्या टेकाडांवर पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांचं हे काम. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळात तिथे शेतकऱ्यांचं एक गाव नांदत होतं. माळवा, मग जोर्वे, मग उत्तर जोर्वे, असे तिथल्या वस्तीचे तीन टप्पे. यातलं जोर्वे हे नाव संगमनेर तालुक्यातल्या प्रवराकाठच्या गावाचं. तिथे १९५०-५१ मध्ये झालेल्या उत्खननातून ही संस्कृती पहिल्यांदा ओळखली गेली.

इनामगावात काय मिळालं हे थोडं सविस्तर सांगतो, कारण आपल्या गावांची सुरुवात कशी होती याचं इतकं भरलेलं चित्र क्वचितच हाती लागतं. शंभरावर घरांचे अवशेष निघाले. सुरुवातीची घरं ऐसपैस आणि चौकोनी, मातीच्या बुटक्या भिंतींची. शेतात जव मुख्य, जोडीला गहू आणि कडधान्यं. नदीचं पाणी वळवायला पाट खोदला होता आणि दगडगोट्यांचा लांब बांध घातला होता. तीन हजार वर्षांपूर्वी एवढं काम एका घराच्या बळावर होत नसतं, साऱ्या गावाने हात लावला असणार. एक घर पाच खोल्यांचं होतं, शेजारी धान्याचं कोठार. ते गावच्या मुख्याचं असावं असं उत्खनन करणाऱ्यांचं मत.

लहान मूल गेलं की त्याला दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यात ठेवत आणि घराच्याच जमिनीखाली पुरत. मोठ्या माणसाला उत्तरेकडे डोकं करून आडवं पुरत, पण घोट्याखालची पावलं तोडून. गेलेला माणूस घर सोडून जाऊ नये, किंवा उठून फिरू नये, अशी काही समजूत त्यामागे असावी. त्या पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात मात्र चार पायांचा मातीचा मोठा रांजण निघाला आणि त्यात एक प्रौढ पुरुष बसलेल्या स्थितीत, दोन्ही पावलं शाबूत. त्याचा मान वेगळा होता हे कोणी लिहून ठेवलेलं नाही, पण त्या दोन पावलांवरून कळतं.

इसवी सनापूर्वी १००० नंतर चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. शेती आखडली, जनावरांवरचा भर वाढला. पाऊसमान कमी झालं असावं, असं ढवळीकरांनी मांडलं. इसवी सनापूर्वी ७०० च्या सुमारास ते गाव ओस पडलं.

एक कळकळीची विनंती. पांढरीची माती खतासाठी आणि धाब्याच्या छपरांसाठी गाड्या भरभरून नेण्याची जुनी सवय आहे. ती माती सुपीक असते हे खरं. पण दर गाडीबरोबर शंभर-दोनशे वर्षं शेतात विस्कटून जातात आणि ती पुन्हा थरात लावता येत नाहीत. आता तर ते काम जेसीबी एका दुपारी उरकतो. गावठाणाचं किंवा पडीक रानातलं टेकाड असेल तर ग्रामसभेत ठराव करून माती उचलणं थांबवा.

त्याच्याही आधी इथे माणूस होता का?

होता. जुन्नर तालुक्यात कुकडी नदीकाठी बोरी इथे ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे आणि त्याच्या सोबतीने दगडी हत्यारं मिळाली आहेत. ती राख सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची मानतात. तिच्या वयावरून अभ्यासकांत वाद आहे, पण आकडे काही हजारांचे नसून किमान पाऊण लाख वर्षांचे आहेत. नेवाशाला प्रवरेच्या थरांतही अश्मयुगीन हत्यारं मिळाली. ते लोक गाव करून राहत नव्हते, म्हणून त्यांची पांढर नसते. नदीच्या कापात गोट्यांच्या थरात त्यांची हत्यारं सापडतात.

विदर्भात शेतात दगडांची मोठी वर्तुळं आहेत. ती कोणी केली?

लोहयुगातल्या लोकांनी, आपल्या मृतांसाठी. नागपूरजवळ जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट-खापा, नैकुंड ही त्यातली ठळक ठिकाणं. वर्तुळाच्या आत दफनाच्या जागी लोखंडी हत्यारं, भांडी, दागिने ठेवत. माहुरझरीला घोड्यांचे अवशेष आणि त्यांच्या तोंडावरचे तांब्याचे अलंकारही मिळाले. नैकुंडला लोखंड गाळायची भट्टी निघाली. रस्त्यांना आणि प्लॉटिंगला यातली कितीतरी वर्तुळं बळी पडली आहेत.

मग आमचं गाव नेमकं किती जुनं?

एका आकड्यात उत्तर मागितलं की इथेच घोटाळा होतो. गावाच्या हद्दीत तीन हजार वर्षांपूर्वीची पांढर असू शकते, आठशे वर्षांपूर्वीचा वीरगळ असू शकतो, आणि तरी आजची घरं ज्यांची आहेत त्यांचे पूर्वज साडेतीनशे वर्षांपूर्वी येऊन वसलेले असू शकतात. या तिन्ही गोष्टी खऱ्या, पण त्या एकाच सलग गावाच्या असतील असं नाही.

इनामगावसारख्या वस्त्या उठल्यावर मोठा खंड दिसतो. त्यानंतर सातवाहन राजांच्या काळात, म्हणजे इसवी सनाच्या आगेमागे, पुन्हा वस्ती दाट होते. पैठण, तेर, नेवासे, जुन्नर, कऱ्हाड ही नावं तेव्हाची. जुन्नरच्या वरचा नाणेघाट हा कोकणातल्या बंदरांकडे जाणारा व्यापाराचा रस्ता. घाटमाथ्यावरच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला, प्राकृत भाषेतला मोठा लेख आहे. त्यात यज्ञ आणि दक्षिणेचे आकडे आहेत. राजघराण्यातल्या माणसांचे पुतळेही तिथे होते, आता वर नावं आणि खाली पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक शैलगृहं खोदली गेली. आसपास पोसायला समर्थ अशी गावं असल्याशिवाय हे शक्य नव्हतं.

मग येतात ताम्रपट. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या इ. स. ७५८ च्या ताम्रपटात एका गावाचं दान आहे आणि त्याच्या चार बाजूंच्या सीमा सांगितल्या आहेत. त्यात आजचं बोपखेल, कळस, दापोडी, भोसरी ही गावं ओळखू येतात. साडेबाराशे वर्षांपूर्वीची चतुःसीमा आजही पायी फिरता येते. तुमच्या गावाचं नाव एखाद्या ताम्रपटात असेल तर गावाचं वय सांगायला त्याहून भक्कम आधार नाही.

पण गावं मोडतही होती. दुर्गादेवीचा दुष्काळ लोकांच्या तोंडी शतकानुशतकं राहिला. १६३० च्या दुष्काळाने दख्खन ओस पडली, आणि त्याच सुमारास विजापूरच्या आदिलशहाचा सरदार मुरार जगदेव याने पुणं जाळून उद्ध्वस्त केलं. अशा ओस गावांत पुन्हा माणसं बोलवायची तर सरकार कौल देई: या, जमीन कसा, पहिल्या वर्षी सारा अगदी थोडा, मग दरसाल चढत जाईल. त्याला इस्तावा म्हणत. आज मूळचे म्हणवणारी कितीतरी घराणी अशा कौलावर आलेली आहेत. यात कमीपणा कसला? पडलेलं गाव पुन्हा उभं करणं हे पहिल्यांदा वसवण्याइतकंच मोठं काम आहे.

आमचं देऊळ पांडवांनी एका रात्रीत बांधलं असं म्हणतात. कोणी हेमाडपंती म्हणतात. खरं काय?

पांडवांची गोष्ट श्रद्धेची आहे, ती तशी लिहून ठेवा. हेमाद्री हा यादव राजे महादेव आणि रामचंद्र यांचा मंत्री, तेराव्या शतकातला. चुन्याशिवाय दगडावर दगड बसवून बांधलेल्या प्रत्येक देवळाला त्याचं नाव चिकटलं, पण त्यातली पुष्कळ देवळं त्याच्या जन्माआधीची आहेत. अंबरनाथच्या देवळातला लेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा. हेमाद्री त्यानंतर दोनशे वर्षांनी आला.

शिळेवर शेंदराचे थर चढलेत. खरवडून पाहू का?

नको. वीरगळाला म्हसोबा, वीरोबा किंवा भैरव मानून शेंदूर लावतात. ती पूजा आहे म्हणूनच तो दगड आजवर टिकला, नाहीतर कधीच कोणाच्या पायरीला गेला असता. शेंदराची खोळ कधीकधी आपोआप सुटते. तेव्हा गावातल्या जाणत्यांना विचारून खालचं कोरीव काम नीट बघता येतं, फोटो काढता येतात.

खरा धोका नवा आहे: ऑइलपेंट. जीर्णोद्धाराच्या उत्साहात शिळांना सोनेरी, निळा रंग फासतात, नाहीतर ॲसिडने धुतात, नाहीतर यंत्राने घासून चकचकीत करतात. अक्षरं असतील तर ती यात कायमची जातात. साधं पाणी आणि मऊ ब्रश, याच्या पलीकडे काही करू नका.

अक्षरं दिसतात, पण वाचता येत नाहीत. काय करू?

आधी चांगला फोटो. भर दुपारी काढू नका, अक्षरं सपाट दिसतात. सकाळी किंवा सूर्य कलल्यावर काढा. नाहीतर अंधार पडल्यावर बॅटरी बाजूने, दगडाला जवळजवळ चिकटवून धरा. उथळ अक्षरंसुद्धा सावलीने उठून दिसतात. खडू, पीठ, चुना, कोळसा यांपैकी काहीही अक्षरांत भरू नका. भरणारा आपल्या समजुतीप्रमाणे रेघा ओढतो, आणि पुढचा अभ्यासक दगडाऐवजी त्याची समजूत वाचत बसतो.

ठसा घेणं हे जाणकाराचं काम. दगड धुऊन त्यावर ओला कागद बसवतात, ब्रशने ठोकून तो अक्षरांच्या खाचांत दाबतात, मग शाईची पुरचुंडी हलक्या हाताने फिरवतात. कोरलेलं पांढरं राहतं, बाकीचं काळं होतं.

लिपी देवनागरी असेल तरी भाषा आजची नसेल. दक्षिणेकडच्या जिल्ह्यांत जुन्या कन्नडमधले लेख पुष्कळ. किल्ल्यांवर, मशिदींवर, काही विहिरींवर फारसी. मोडी मुख्यतः कागदावर, दगडावर क्वचित.

सोलापूरजवळ भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडल आहे. तिथल्या संगमेश्वराच्या देवळात तुळईवर एक लेख आहे, शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८. सोलापूरचे अभ्यासक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. त्यातली मराठी ओळ अशी: ‘वाछि तो विजेया होईवा’. जो वाचील तो विजयी होईल. देवळात हजार वर्षं लोक येत-जात होते आणि ती ओळ कोणीतरी वाचण्याची वाट पाहत डोक्यावर होती. तुमच्या देवळाच्या तुळईकडे, खांबाकडे, उंबऱ्याच्या बाजूकडे एकदा नीट पाहा.

लेखात शक दिलाय. त्याचा इसवी सन कसा काढायचा?

शकात ७८ मिळवा. पौषातला मध्य ते फाल्गुन हा काळ असेल तर ७९. शुहूर सन, म्हणजे मराठी कागदांतला अरबी सन, असेल तर ५९९ किंवा ६०० मिळवा. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेक शकाचं पहिलं वर्ष १६७४. संवत्सराचं नाव, तिथी आणि वार दिले असतील तर तेही उतरवून घ्या. त्यावरून तारीख पडताळता येते.

वेशीजवळ संगमरवरी पाटी आहे, त्यावर १९१४–१९१९ असं लिहिलंय. तीही ऐतिहासिक म्हणायची का?

नक्कीच. पहिल्या महायुद्धात या गावातून किती माणसं गेली आणि किती परत आली नाहीत, एवढंच त्यावर असतं. पश्चिम महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांच्या चावडीवर, वेशीवर अशा पाट्या आहेत. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावचे ४६ जवान त्या युद्धात पडले. त्या गावाला अपशिंगे मिलिटरी म्हणूनच ओळखतात. पाटीवर आकडा असतो, नावं नसतात. ती नावं गावातल्या घरांमधून, पेन्शनच्या जुन्या कागदांतून आताच गोळा करायला हवीत. अजून नातवंडं-पतवंडं हयात आहेत.

नांगरताना किंवा विहीर खणताना मूर्ती, नाणी, भांडी निघाली तर?

काम थांबवा. वस्तू जिथे निघाली ती जागा, खोली, सोबत काय होतं, याचे फोटो काढा. तलाठी किंवा तहसीलदारांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवा. १८७८ च्या निखात निधी कायद्याने हे बंधनकारक आहे. दहा रुपयांहून अधिक मोलाचं, शंभर वर्षांपूर्वी दडवलेलं काहीही त्यात येतं. शेतकऱ्याला मोबदला मिळण्याची तरतूदही त्याच कायद्यात आहे, ती मागायला संकोच करू नका. परस्पर विकणं मात्र १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने गुन्हा ठरू शकतं.

१९७४ साली प्रवराकाठच्या दायमाबादला एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचं खोड उकरताना चार ब्राँझच्या वस्तू मिळाल्या: बैलांचा रथ आणि तो हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा, रेडा. एकत्र वजन साठ किलोंच्या वर. देशातल्या सर्वांत मोलाच्या पुरावस्तूंत त्यांची गणना होते. तरी त्या नेमक्या कोणत्या काळातल्या, यावर अजून एकमत नाही, कारण त्या उत्खननात थरासकट हाती आल्या नाहीत. वस्तू जशीच्या तशी हातात आहे, आणि तिच्याभोवतीच्या मातीने जे सांगितलं असतं ते गेलं.

सगळे वीरगळ गोळा करून देवळासमोर चौथऱ्यावर ओळीने बसवले तर चांगले दिसतील ना?

दिसतील चांगले, पण मुके होतील. बांधावर उभा असलेला वीरगळ सांगतो की झटापट इथे झाली किंवा वेस इथवर होती. गधेगाळ सांगतो की दान दिलेली जमीन इथून सुरू होत होती. हलवला की त्याच्याकडे फक्त चित्र उरतं. शिवाय सिमेंटमध्ये बसवला की तळाचा कप्पा गाडला जातो, आणि लढाई त्याच कप्प्यात असते.

रस्ता रुंदीकरणात किंवा धरणात जागाच जाणार असेल, तर हलवण्यावाचून इलाज नाही. तेव्हा आधी मोबाइलवर अक्षांश-रेखांश घ्या. शिळेचं तोंड कोणत्या दिशेला होतं, जमिनीत किती होती, शेजारी काय होतं, हे सगळं लिहा. नवी जागा गावातलीच निवडा. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर पांढरीतून निघालेल्या वस्तू जमवल्या. त्या तेरमध्येच राहिल्या आणि आज त्यांच्या नावाने शासनाचं वस्तुसंग्रहालय तिथेच उभं आहे. तेरची नदी, तेरची पांढर आणि तेरच्या वस्तू एकाच फेरीत पाहता येतात.

माहितीचा फलक लावायचा आहे. त्यावर काय लिहावं?

शिळेचा प्रकार, कप्प्यांत काय दिसतं, अंदाजे काळ आणि तो अंदाज आहे हा शब्द, गावात तिला काय म्हणतात, आणि ती हलवू-रंगवू नये ही विनंती. मराठीत, मोठ्या अक्षरांत. महाराजांचं किंवा एखाद्या सरदाराचं नाव पुराव्याशिवाय घालू नका. फलकावरचं चुकीचं वाक्य दहा वर्षांत गावाचा इतिहास बनतं. फलक शिळेपासून दोन हात दूर रोवा, शिळेला भोक पाडून किंवा तिच्या पायाशी काँक्रीट ओतून नको. ग्रामपंचायतीचा ठराव घ्या. देऊळ किंवा जागा संरक्षित स्मारक असेल तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागतेच. केंद्र संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असतं. गावोगावचे बहुतेक वीरगळ मात्र कुठल्याच यादीत नाहीत. त्यांचा सांभाळ गावालाच करायचा आहे.

कागदोपत्री माहिती कुठे शोधू?

सुरुवात इंग्रजी अमदानीतल्या जिल्हा गॅझेटियरपासून करा. पुण्याचा खंड १८८५ चा, नगरचा १८८४ चा. त्यात लहान गावांच्याही नोंदी आहेत. मोडी कागदांसाठी पुण्याचं पुराभिलेखागार, भारत इतिहास संशोधक मंडळ, आणि धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ. मोडी येत नसेल तर शिका, पुण्यात आणि इतर शहरांत तिचे वर्ग चालतात. ताम्रपट आणि शिलालेखांची प्रसिद्ध वाचनं डेक्कन कॉलेजच्या ग्रंथालयात मिळतील. शिळा नव्याने सापडली असेल तर राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या तुमच्या विभागातल्या सहायक संचालकांना पत्र द्या. सोबत फोटो, गट नंबर, आणि शेतमालकाची लेखी संमती जोडा.